ओट्यापासून हातभर

नाथाजीनं नव्या स्वयंपाकघरात निळ्या खडूनं इतके चौकोन आखले होते, की भिंतीच्या विटा कमी आणि खडूच जास्त दिसत होता. चौकोन म्हणजे बोर्ड आणि उभी रेघ म्हणजे झिरी. झिरीतून पाइप जाणार, पाइपातून वायर. उद्या सकाळी गवंडी गिलाव्याला येणार होते. एकदा गिलावा बसला की भिंत फोडायला कुणाचा हात धजला नसता, त्यामुळे जे काय ठरायचं ते आजच ठरायला हवं होतं.

दगडाबाई दाराच्या रिकाम्या चौकटीत पदर खोचून उभी होती. सकाळपासून तिनं एक शब्द काढला नव्हता. ती बोलत नाही म्हणजे आपल्याच बाजूची आहे, असं घरातल्या प्रत्येकानं परस्पर धरून टाकलं होतं. तिच्या गप्प बसण्याचे अर्थ लावायचं काम या घरात नेहमी दुसरेच करत. आज मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं. या स्वयंपाकघराचं बटन याच स्वयंपाकघरात बसलं पाहिजे. नाही बसलं, तर ती या घरात राहायला येणार नाही. म्हसवड-आटपाडीच्या वाटेवरच्या या वाडीत घरावर एवढी चांगली स्लॅब पडली होती, तरी नाही.

"हितं मिक्सर, हितं घरघंटी, हितं विजंची शेगडी, आन हितं ओव्हन," नाथाजी खडू नाचवत म्हणाला. तो सोनियाचा थोरला भाऊ, उंब्रजचा वायरमन. हात चांगला होता आणि तोंड त्याहून चांगलं.

"ओव्हन कुटं हाय रं आमच्याकडं?" सोनिया म्हणाली.

"आज न्हाई, उद्या यील. पॉइंट आधी, वस्तू मागनं. आमच्या उंब्रजला एका गड्यानं बंगला बांदला आन फ्रीजचा पॉइंटच इसरला. आता त्येची बायकू फ्रीज बेडरूममधी ठिवती. रात्री ह्यो कूस बदलतुया, आन फ्रीज गुरगुरतुया."

सोनियाला हसू आलं, पण ती खडूच्या चौकोनापासून हलली नाही. दगडाबाईची ही सून कामात भावाचंही ऐकत नसे. "दादा, मिक्सरचा बोर्ड तू नळाच्या डोस्क्यावर काढलाईस. भांडी घासताना पाणी उडंल त्येच्यावर. डाव्या अंगाला घे. आन शेगडीच्या वर तर मुळीच नगं. फोडणीचं तेल आन वाफ सगळी बोर्डात जाती."

नाथाजीनं तळहातानं चौकोन पुसला आणि डावीकडं नवा काढला. "बरं बाई. घरघंटीला आन शेगडीला जाड वायर, येगयेगळी लाइन. फ्रीजला त्येची सोताची लाइन, मधी कुणी न्हाई. मिक्सरला आन बाकीला ही चौथी."

"आन बटनं?"

"जितं वस्तू तितं बटन. आनि कुटं?"

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला, आणि दगडाबाईनं चौकटीतून अंग काढून घेतलं.

दगडाबाईचा नवरा नानासो आत आला. मागोमाग त्याचा धाकटा भाऊ गुंडा आला आणि चौकटीच्या बाहेरच थांबला. बाप-चुलता आलेले बघून विटांच्या ढिगावर बसलेला सोनियाचा नवरा तानाजी उठला. नानासोच्या बंडीचा डावा खिसा नेहमीसारखा खाली लोंबत होता. त्या खिशात पांढरं चिनी मातीचं किटकॅट असे, म्हणजे जुन्या घराच्या स्वयंपाकघराचा फ्यूज.

ही सवय मूळची विहिरीवरची. सामाईक विहिरीवर आपली मोटर भाऊबंदांनी चोरून चालवू नये म्हणून माणसं फ्यूज काढून खिशात घालतात आणि मग गावाला जातात. त्यात नवल काही नाही. नानासोनं तीच रीत घरात आणली, हे नवल. तो घरात असला की स्वयंपाकघरात लाइट. तो बाहेर पडला की किटकॅट खिशात, आणि स्वयंपाकघर कोरडं ठाक. मागच्या जत्रेला तो असाच खिसा घेऊन आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात गेला आणि तिथं जुने दोस्त भेटले. परत आला तोवर फ्रीजमधल्या मटणानं घर सोडायची वेळ आणली होती. शिराळ्याहून आलेल्या पाहुण्यांनी जत्रेला पिठलं खाल्लं आणि वर छान झालं म्हणाले. ती लाज सोनिया अजून विसरली नव्हती.

पण या खिशाला कुणी फार हसत नसे, कारण तो कशामुळं जड झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुंडाची बायको राणी स्वयंपाकघरात शॉक लागून गेली होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. गुंडानं पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हापासून तो ताट सोप्यातच घेई आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. आणि तेव्हापासूनच नानासोनं तो फ्यूज आपल्या ताब्यात ठेवला होता.

नानासोनं भिंतीवरचे सगळे चौकोन बघून घेतले. मग काठीनं हवेत एक लांब रेघ मारली, थेट समोरच्या खोलीपर्यंत.

"पाव्हणं, चौकोन काय काढायचं ती काढा. पर ह्या सगळ्याचं बटन एकच. त्ये सोप्यात बसवायचं, माज्या खाटंच्या उशाला."

नकाशात त्या खोलीला हॉल म्हटलं होतं. नानासो मात्र तिला सोपाच म्हणे आणि म्हणणार होता.

"मामा, तसं बी करता येतं की," नाथाजी पटकन म्हणाला. बहिणीच्या सासऱ्याला त्याच्याच घरात दुखवू नये, एवढं त्याला कळत होतं. "मेन कुटं बी बसतुया."

सोनियानं भावाकडं असं बघितलं, की त्यानं हातातला खडू खिशात घातला.

"मामा, आन तुमी बाजारला गेला मंजी?" ती म्हणाली. "फ्रीज बंद, घरघंटी बंद. दळाण अर्दं राहिलं तर मी काय करू? जातं काढू?"

"काढ की. फ्रीज नव्हता तवा काय मान्सं मेली का?"

शब्द तोंडातून गेला आणि नानासोलाच लागला. चौकटीबाहेर गुंडा खाली बघत होता. मग नाथाजीलाच तंबाखूची आठवण झाली आणि सगळे बाहेर पत्र्याच्या सावलीत चहाला गेले.

चहा होईपर्यंत घरात दोन तट पडले. सोनिया किटली घेऊन सरळ दगडाबाईजवळ येऊन बसली. "आत्या, तुमी कायबी म्हना, मी न्हाई ऐकणार. घर माज्यापरीस तुमचं हाय. पर राबायचं मला हाय तितं. दर येळी परवानगी मागून मिरची वाटू व्हय?"

"चा वत," दगडाबाई म्हणाली.

सोनिया उठून गेली तसा तानाजी आला. हा दगडाबाईचा एकुलता एक. सातारला कंपनीत सुपरवायझर होता, हाताखाली पंचवीस माणसं. घरात मात्र बापापुढं आवाज निघत नसे आणि बायकोपुढं तर मुळीच नाही. "आई, तू सांग सोनीला. आबांचं वय झालंय. दे म्हनावं त्यास्नी त्यांचं बटन. दोन वर्सांनी बदलून घिऊ."

"भिंत फोडून?"

"फोडू की."

"म्हातारा मेल्यावर मंजी," ती शांतपणे म्हणाली. तानाजी कप तसाच ठेवून उठला.

तिकडं नानासो गुंडाला काहीतरी सांगत होता आणि गुंडा मान हलवत होता. तोही भावाच्याच बाजूचा होता. या घरात त्या एका गोष्टीबद्दल गुंडा कायम भावाच्या बाजूचा होता, कारण त्याला भावानंच ती गोष्ट सांगितली होती. राणी गेली तेव्हा तो मेंढरांबरोबर कोकणात होता. त्याच्यापर्यंत निरोप पोचून तो घरी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पाणी तापवायची कॉइल चालू असताना तिनं त्या पाण्यात हात घातला, एवढंच त्याला सांगण्यात आलं. तेवढ्याच वाक्यावर त्यानं आयुष्य काढलं.

दगडाबाईला मात्र सगळं दिसत होतं, आजही. जुन्या घरात लाइट आली तेव्हा वायरमननं एकच बोर्ड मारला होता, सोप्यात, पुढच्या दाराशी. मागच्या स्वयंपाकघरासाठी भिंतीतून नुसती वायर काढून तिकडं प्लग दिला होता, पण त्याचं बटन सोप्यातच होतं. कॉइल लावायची तर कुणीतरी पुढं जाऊन बटन दाबायचं. त्या दिवशी कॉइल लावून झाली आणि मग सोप्यात मेंढरांचे व्यापारी येऊन बसले. बाया आत येऊ नयेत म्हणून नानासोनं आतून कडी लावली होती. पाणी तापलं का बघायला राणीनं पातेल्याला हात लावला, आणि तो हात सुटला नाही. दगडाबाई तिच्यापासून हातभर अंतरावर भाकरी थापत होती. वायर उपटावी हे तिला नंतर सुचलं. तेव्हा लाइट बटनानं जाते एवढंच तिला माहीत होतं, म्हणून ती बटनाकडं पळाली. स्वयंपाकघर, माजघर, मग ते बंद दार. तिनं ते दोन्ही हातांनी बडवलं. आतून कुणीतरी म्हणालं, थांबा जरा.

ती कुणाला बोलली नाही. कडी नवऱ्यानं लावलेली होती, आणि तो त्यानंतर कित्येक दिवस जेवला नव्हता. अशा माणसाला काय सांगायचं? त्यानं फ्यूज खिशात घालायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं, त्याला यात बरं वाटतं तर वाटू दे. पण आता तो तेच बटन नव्या घरात, आणखी लांब, स्वतःच्या उशाला नेऊन ठेवणार होता. म्हणजे उद्या सोनिया अडकली, की पळायची पाळी परत तिचीच. आणि आता तिचे गुडघे पळण्याच्या लायकीचे नव्हते.

तिनं कपबशी खाली ठेवली. "समदी आत चला," ती म्हणाली. "मला काय दावायचं हाय."

दगडाबाईनं सगळ्यांना एकदम बोलावल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं, म्हणून सगळे मुकाट आले, गुंडा तेवढा चौकटीपर्यंत. ती ओट्याच्या जागी गेली. अजून ओटा नव्हता, नुसत्या दोन विटांच्या भिंती आणि वर कडाप्पा. तिनं कडाप्प्यावर उजवा हात ठेवला.

"तानाजी, तू सोप्यात जा. तितं दाराला सेंट्रिंगची फळी लाव आन आतनं धरून हुबा ऱ्हा. कुणी वाजवलं तरी लगीच काडू नगंस. पाव्हणं बोलत बसल्यात आसं समज."

"आई, ह्ये काय चाललंय?"

"जा म्हनतीया न्हवं?"

तानाजी गेला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "आवं, ह्यो मिक्सर. त्यात लाइट उतारलीया. माजा हात चिकाटलाय. तुमचं बटन सोप्यात, तुमच्या उशाला. जावा आन बंद करून या."

"येडी का काय तू?"

"जावा. मी धरून हाय."

नानासो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं. तो वळला. काठीचा आवाज मधल्या खोलीतून गेला, बोळातून गेला, मग थांबला. फळीवर थाप पडली. पुन्हा पडली. दगडाबाईनं कडाप्प्यावरचा हात हलवला नाही. सोनियाला ते बघवेना आणि नजरही काढवेना. नाथाजीच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली होती. तिकडून थापा जोरात येऊ लागल्या आणि मग नानासोचा आवाज आला, मेंढरात लांडगा शिरल्यावर यावा तसा.

"आरं उगड की! तान्या, उगड म्हन्तो न्हवं!"

फळी पडल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काठी हळूहळू परत येत राहिली. नानासो चौकटीत येऊन टेकला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"दाबलं?" दगडाबाईनं विचारलं.

"दाबलं."

"मी कवाच मेली." तिनं हात उचलला. तळव्यावर कडाप्प्याची धूळ होती. "लांबनं तुमाला दिसत न्हाई. मला दिसतंय. मी त्या दिवशी एवडंच पळाली."

नानासोला ती कडी दिसत होती. तो ती कधी विसरलाच नव्हता. म्हणून तर खिशात फ्यूज होता.

"वैनी." गुंडाचा आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही तो बोलला ते. "सोपा बंद हुता?"

"व्हय, भावजी."

"आन बटन तितं."

"बटन तितं. मी तिच्यापास्नं हातभर लांब हुती. बटन हितं आसतं तर म्या पीठाच्या हातानं दाबलं आसतं."

"मला वाटायचं," गुंडा म्हणाला, आणि थांबला. "मला वाटायचं, येडीच कशी. चालू पाण्यात हात घालती. म्या तिला लय शिव्या दिल्या मनात. लय वर्सं." त्यानं डोळ्यांना पटक्याचा शेव लावला. मग तो चौकट ओलांडून आत आला. या घराचं असो नाहीतर त्या घराचं, राणी गेल्यापासून त्यानं स्वयंपाकघरात टाकलेलं ते पहिलं पाऊल होतं. तो नानासोच्या समोर उभा राहिला. "दादा, बटन हितंच. ह्या येळी मी वैनीसंगट हाय."

सोप्यातून परत आलेल्या तानाजीनं घाम पुसला आणि म्हणाला, "आबा, मी बी." बायकोला हे ऐकू गेलं का, हेही त्यानं बघून घेतलं.

नानासो विटांच्या ढिगावर बसला. एवढ्या माणसांसमोर हरायची त्याला सवय नव्हती. पण तो हरल्यासारखा दिसत नव्हता, नुसता दमलेला दिसत होता. "मला एकच बटन पायजे हुतं," तो म्हणाला. "समदं एकदम बंद करणारं. ज्येला त्येला येगळं बटन मंजी, माणूस तवा कंचं दाबायचं ती हुडकत बसतंय."

"ती तुमचं खरं हाय," दगडाबाई म्हणाली. तिनं हे लगेच मान्य केलं, कारण ते खरंच होतं. "एक बटन ठिवू. समदं बंद करणारं, लाल. फकस्त फ्रीज त्येच्याभायेर. पर त्ये हितं. ओट्यावरच्या बाईला बी पोचंल आन दारातनं येणाऱ्याला बी."

"ओटा आन दार, दोन्ही मधी हा कोपरा हाय," सोनियानं जागा दाखवली. "दादा, हितं."

नाथाजीचं तोंड परत सुरू झालं. "मामा, आन दुसरं एक सेफ्टीचं बटन बसवतो मी. लाइट कुटं जरा जरी उतारली तर त्ये आपसूक समदं बंद पाडतंय. कुणी दाबायची गरजच न्हाई."

"त्येला कसं कळतंय?" नानासोनं संशयानं विचारलं.

"कळतंय. पर अर्थिंग चांगलं पायजे."

अर्थिंगचं नाव निघताच नानासोनं मान वर केली. हा त्याचा प्रांत होता. "आमच्या हितं अर्थिंग उन्हाळ्यात मरतंय, पाव्हणं. तुमच्या उंब्रजला नदी हाय. हितं पाच फुटांवर बी माती खडखडीत. मोटरीचं अर्थिंग मी कोळसा आन मीठ घालून केलंय, आन उन्हाळाभर पाणी घालतुया. न्हाईतर त्ये नुसतं गाडलेलं लोखंड." तो काठी टेकून उठला. "खड्डा मी काडतो. मोरीच्या भायेर, सांडपाणी जाईल तितं. वरनं तांब्याभर पाणी रोज माज्याकडं."

"बाजारला गेल्यावर?" सोनियानं विचारलंच.

नानासोनं सुनेकडं बघितलं. क्षणभर दगडाबाईला धास्ती वाटली. "तू घाल," तो म्हणाला. "तेवडं तुला जमंल."

सोनियानं पदर तोंडाला लावला. दगडाबाईला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. कित्येक वर्षं छातीवर धरून ठेवलेलं ओझं उतरवून ठेवल्यावर वाटावं तसं वाटलं. तिला आता फक्त बसायचं होतं. पण नाथाजी खडू काढून कोपऱ्यात गेला होता, आणि ते बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

त्यानं टेपनं माप घेतलं आणि आपल्या खांद्याच्या वर एक चौकोन काढला. "ह्यो बोर्ड. वट्यापास्नं उंच, पाणी लागणार न्हाई, पोरं दाबणार न्हाईत." सोनियानं ओट्याशी उभं राहून हात लांब केला. बोटं बरोबर पोचली. दगडाबाईनं केला. तिचीही पोचली, टाचा थोड्या उचलून.

"झालं मग," नाथाजी म्हणाला आणि छिन्नी घ्यायला वाकला.

"थांबा, पाव्हणं."

नानासो कोपऱ्याशी आला होता. तो चौकोनाकडं बघत होता. मग त्यानं हात वर करून, तळवा आडवा धरून, हवेतच एक उंची दाखवली, आपल्या छातीच्या जरा खाली.

"आनि थोडं खाली घ्या," तो म्हणाला. "राणी बुटकी हुती. तिचा हात तितं न्हाई पोचायचा."

इतक्या वर्षांत राणीचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. गुंडानंच पुढं होऊन आपल्या तळव्यानं भिंतीवरचा चौकोन पुसला, आणि नाथाजीनं तो खाली आखला.